'कोसला' मध्येच का तुटते?

'कोसला' पहिल्यांदा वाचताना बरेच जण एका ठिकाणी अडखळतात. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात जातो, होस्टेलात राहतो. इथवर सरळ चाललेलं असतं. मग एका वर्षाची नुसती डायरीच समोर येते. दुसऱ्या एका वर्षाचं तर संशोधन सुरू होतं! पांडुरंग आणि त्याचा मित्र सुरेश इतिहासकारांच्या थाटात कालपरवाच्या घटनांचे पुरावे तपासू लागतात. त्यात जागोजाग 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ'. गोष्ट कुठे गेली?

भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ साली आली, तेव्हा ते पंचविशीत होते. त्या वयात त्यांना हे कसं सुचलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं. कारण गोष्ट कुठेच गेलेली नाही. रोज काहीतरी घडतं आणि त्यातून काहीच उभं राहत नाही, अशा वर्षाला तारीखवार नोंदीच शोभतात. आणि वाया गेलेल्या वर्षाकडे बुडालेल्या राज्याकडे पाहावं तसं पाहिलं, की त्यातली लाज जरा लांब जाते. पांडुरंगला जेवढं सोसतं, तेवढ्याच अंतरावरून तो बोलतो.

तुकड्यांतून माणूस उभा करणं मराठीला नवं नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी अनुयायांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' रचलं. प्रत्येक लीळा छोटी, स्वतंत्र. एकच आठवण दोघांनी वेगळी सांगितली, तर तो फरकही पोथ्यांनी जपला! केवढा हा प्रामाणिकपणा. 'कोसला'तली तुटक, छोटी वाक्यं वाचताना मला हे गद्य हटकून आठवतं.

पण पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं दगावते, तेव्हा ना डायरीचा आडोसा पुरतो, ना इतिहासाचा. राग, आठवणी, घरातली माणसं एकमेकांत मिसळतात. इथे वाचक सर्वांत जास्त गोंधळतो. हा भाग मनात न वाचता मोठ्यानं वाचून पाहा. अर्थ लावायच्या आधी श्वास अडतो, आणि वाक्य तिथेच का तुटलं ते कळतं.