शब्दांची तलवारबाजी

रॉन गिल्बर्ट यांच्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) या विनोदी संगणक-खेळात समुद्री चाचा होऊ पाहणारा गायब्रश हाती तलवार घेतो खरा. पण जिंकतो तो जिभेच्या बळावर. प्रतिपक्षाच्या टोमण्याला चपखल उत्तर दिले की सरशी होते. उत्तर न सुचल्यास माघार घ्यावी लागते. तथापि ऐकलेला टोमणा पुढील लढतीत त्याचेच शस्त्र बनतो. पराभवाला गुरू करणे हा या रचनेचा मोठा गुण होय. दोषही त्यातूनच उद्भवतो. उत्तरे गोळा करण्यासाठी त्याच त्या लढती खेळाव्या लागतात आणि चातुर्याची जागा पाठांतर घेते. मात्र तलवारबाजीत निष्णात असलेली कार्ला नवेच टोमणे मारते. जुनी उत्तरे त्यांना जुळवताना पाठांतर थिटे पडते आणि विनोदबुद्धीचीच कसोटी लागते.