साखळीवाल्यांचा कुत्रा

कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत कुत्र्यांविषयी बोलावे, हे काही श्रोत्यांना चमत्कारिक वाटेल. आम्हीही हा विषय मुद्दाम शोधायला गेलो नव्हतो. इंग्लंडातील साखळी घडविणाऱ्या स्त्रियांच्या १९१० सालच्या लढ्याविषयी वाचताना क्रॅडली हीथ हे नाव पुनःपुन्हा येई. पुढे तेच नाव ‘स्टॅफर्डशर बुल टेरियर’ या कुत्र्याच्या इतिहासात भेटले, तेव्हा आमचे कुतूहल जागे झाले.

बर्मिंगहॅमच्या पश्चिमेचा हा मुलूख कोळशाचा आणि लोखंडाचा. ‘टायटॅनिक’ जहाजाचा मोठा नांगर जवळच्याच नेदरटन गावी तयार झाला. जाड साखळ्या कारखान्यात पुरुष घडवीत. बारीक साखळ्या बायका घरामागच्या लहानशा भट्टीवर ठोकून काढीत, शेजारी मूल झोपलेले असे. कायद्याने नेमलेल्या मंडळाने या बायकांना तासाला अडीच पेन्स किमान मजुरी ठरविली. ती आधीच्या मिळकतीच्या जवळजवळ दुप्पट होती. तेव्हा मालकांनी एक कागद पुढे केला. त्यावर सही केली की सहा महिने वाढीव मजुरी मागता येणार नव्हती. अनेकींना अक्षरओळख नव्हती. कागदात काय आहे हे न कळताच त्यांनी फुली मारली. मेरी मॅकार्थर या संघटक बाईंनी त्यांना एकत्र केले, दहा आठवडे लढा चालला आणि स्त्रिया जिंकल्या. निधीतून उरलेल्या पैशांत १९१२ साली गावात कामगारांचे सभागृह उभे राहिले.

याच वस्तीतले साखळीवाले आणि खाणकामगार एक आखूड केसांचा, रुंद छातीचा, गठ्ठ्या अंगाचा कुत्रा पाळीत. त्याचे पूर्वज बैलावर सोडण्यासाठी आणि झुंजीसाठी वाढविलेले. १८३५ च्या कायद्याने हे दोन्ही खेळ बंद झाले. बैलाचा खेळ संपला, कुत्र्यांच्या झुंजी मात्र चोरून चालत राहिल्या. त्या क्रूर होत्या, आणि गरिबाचा खेळ म्हणून त्यांवर पांघरूण घालणे आम्हांला मान्य नाही. पण नवलाची गोष्ट अशी की, दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडणारे हे जनावर माणसाला दात लावीत नसे. रिंगणात मालकाला त्याला हाताने धरावे लागे. चावणारा कुत्रा कुणालाच नको असे. घरी तोच पोरांच्या गराड्यात लोळे.

कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा ‘केनेल क्लब’ लंडनमध्ये १८७३ साली निघाला. तो प्रतिष्ठितांचा कारभार. त्याच्या वहीत ‘बुल टेरियर’ हे नाव आधीच गेलेले होते, तेही बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्स यांनी १८६० च्या सुमारास तयार केलेल्या देखण्या पांढऱ्या कुत्र्यासाठी. म्हणजे मूळ कुळी साखळीवाल्यांच्या अंगणात, आणि नाव भलत्याच्याच दारावर! ‘मूळचा बुल टेरियर’ असे नाव देऊ केले, तेही मान्य झाले नाही. शेवटी परगण्याचे नाव पुढे लावले, आणि १९३५ च्या मे महिन्यात ‘स्टॅफर्डशर बुल टेरियर’ या नावाने नोंद झाली.

त्याच उन्हाळ्यात ‘क्रॉस गन्स’ नावाच्या गुत्त्यात मंडळी जमली व क्लब स्थापन झाला. गुत्त्याचे चालक जो मॅलन हे स्वतः साखळी घडविणारे. जोसेफ डन चिटणीस झाले, जॅक बर्नार्ड अध्यक्ष.

संघटना काढणे सोपे असते. व्याख्या लिहिताना खरी कसोटी लागते, हा आमचा अनुभव आहे. या मंडळींपुढे तोच पेच होता. झुंजीत कुत्रे वजनाप्रमाणे जोडीला लावीत, त्यामुळे लहानमोठे सगळेच चालत. वॉल्सॉलचे उंच, डार्लस्टनचे चपळ, टेरियरच्या वळणाचे. प्रत्येक गावाला आपलाच खरा वाटे. प्रदर्शनात निवाडा करायचा तर एकच माप हवे. अखेर बर्नार्ड यांचा ‘जिम द डँडी’ हा कुत्रा डोळ्यांपुढे ठेवून लक्षणे लिहिली गेली: उंची १५ ते १८ इंच, नराचे वजन २८ ते ३८ पौंड, मादीचे चार पौंड कमी. फुली मारणाऱ्या बायकांच्या गावात पंचवीस वर्षांनी लोकांनी आपल्या कुत्र्याचा कागद स्वतः लिहिला, हे आम्हांला मोठे वाटते. अर्थात त्या कागदाला लंडनचा शिक्का लागत होता, हेही विसरता येत नाही.

ऑगस्टमध्ये क्लबचे पहिले प्रदर्शन भरले, साठाहून अधिक कुत्रे आले. १९३८ साली या जातीला अजिंक्यपदाची प्रमाणपत्रे मिळू लागली. १९३९ मध्ये मॅलन यांचा ‘जेंटलमन जिम’ आणि डन यांची ‘लेडी ईव्ह’ हे पहिले विजेते ठरले. ज्या कुत्र्याचे मोल रात्री चोरून, रक्त सांडून ठरे, त्याचे मोल आता दिवसाउजेडी चालीवरून, दातांवरून, छातीवरून ठरू लागले. पुढे १९९१ साली ब्रिटनने धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला. त्यातल्या बंदीच्या यादीत या जातीचे नाव नाही.

लिहिलेला कागद पुढे बदलताही येतो. महायुद्धानंतर, १९४८-४९ च्या सुमारास, उंचीचे माप १४ ते १६ इंचांवर आणले. वजन मात्र पूर्वीचेच ठेवले. तेवढाच भार आता आखूड पायांवर आला. कुत्रा बोजड होईल, त्याची चपळाई जाईल, अशी ओरड जुन्या पाळणाऱ्यांनी केली. तो वाद दोन इंचांचा असला तरी अजून मिटलेला नाही.