लाडकं कोण?

‘आम्हाला सगळी मुलं सारखीच’ असं आईवडील म्हणतात, आणि बहुतेकदा त्यांना ते मनापासून वाटतही असतं. मुलांचा हिशेब मात्र वेगळा. दुधावरची साय कुणाच्या वाटीत पडायची, ‘तू मोठी ना, मग समजून घे’ हे कुणाला ऐकावं लागायचं, हे पन्नाशीतही लख्ख आठवतं.

अमेरिकेत जिल सूटर आणि कार्ल पिलेमर या समाजशास्त्रज्ञांनी २००१च्या सुमारास बॉस्टन परिसरातल्या वृद्ध आयांना आणि त्यांच्या प्रौढ मुलांना याबद्दल विचारायला सुरुवात केली. बऱ्याच आयांनी एका मुलाचं नाव बिनदिक्कत घेतलं. गंमत म्हणजे आईचं लाडकं कोण, याचा मुलांचा अंदाज अनेकदा चुकला! तरीही भेदभाव जाणवला तिथे भावंडांतला ताण वाढलेला दिसला. म्हणजे वस्तुस्थितीपेक्षा समजच जास्त बोचतो.

वागणुकीतला प्रत्येक फरक जाचत नाही. आजारी किंवा धाकट्या भावंडाकडे जास्त लक्ष दिलं जातं, त्यामागचं कारण पटलं की मुलं सहसा कुरकुरत नाहीत.

आपल्याकडे खरी ठिणगी पडते ती वाटणीच्या वेळी. महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने हिंदू कुटुंबांच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी ‘भावाशी कशाला वाकडं घ्यायचं’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या बहिणी आजही गावोगाव आहेत. त्या सहीनंतर माहेरपण टिकतं, पण कित्येकदा नुसतं दिवाळीपुरतं.