निकितीन : एका रशियन आडनांवाचा अर्थ

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्वेर शहराचा एक रशियन व्यापारी समुद्रमार्गानें चौलच्या बंदरांत उतरला. पावसाळा त्यानें जुन्नरास काढला आणि पुढें तो बहामनी राज्याची राजधानी बीदर येथें गेला. इतिहासग्रंथांत त्याचें नांव अफनासी निकितीन असें आढळतें, आणि निकितीन हें त्याच्या घराण्याचें आडनांव असावें, असा वाचकाचा सहज समज होतो. वस्तुतः तें तसें नव्हतें.

निकिता हें पुरुषाचें नांव. तें मूळचें ग्रीक असून विजयवाचक शब्दापासून निघालें आहे. ख्रिस्ती धर्माबरोबर तें रशियांत आलें. अशा आकारान्त नांवापुढें 'ईन' हा प्रत्यय आला म्हणजे त्याचा अर्थ आपल्या 'चा' या प्रत्ययासारखा होतो. निकितीन म्हणजे 'निकिताचा'. नांव व्यंजनान्त असेल तर 'ओव' लागतो. इवानोव म्हणजे 'इवानचा'. मराठींत जसें 'चा' व 'ची', तसें तिकडे मुलगा निकितीन, तर मुलगी निकितिना. पूर्वी या शब्दापुढें 'मुलगा' या अर्थाचा शब्दही येत असे. आपल्या प्रवासवृत्तांत या व्यापाऱ्यानें स्वतःस 'निकिताचा मुलगा अफनासी' असेंच म्हटलें आहे. खेड्यांतील वृद्ध माणूस मुलास "कुणाचा रे तूं?" असें विचारतो, त्या प्रश्नाचेंच हें उत्तर होय.

अर्थात् हें उत्तर दर पिढीस बदले. अफनासीस मुलगा असता तर तो अफनासीचा, म्हणजे अफनास्येव, झाला असता. याची उत्तम साक्ष रशियाच्या राजघराण्यांतच मिळते. झखारी या पूर्वजावरून त्या कुळास झखारीन म्हणत. पुढें यूरीवरून यूर्येव हें नांव आलें, आणि यूरीचा मुलगा रोमान याच्यावरून रोमानोव. येथें मात्र नांव स्थिरावलें, व 1613 सालीं मिखाईल रोमानोव झार झाला. या रोमानच्या मुलाचें, म्हणजे मिखाईलच्या आजोबांचें, नांव निकिता होतें. जुना प्रघात आणखी एक पिढी टिकता, तर तें राजघराणें निकितीन म्हणूनच प्रसिद्धीस आलें असतें!

सरदारांचीं आडनांवें अशीं लवकर कायम झालीं. शेतकऱ्यांचें तसें नव्हतें. भूदास हा जमीनदाराच्या मालकीचा. "कुणाचा?" या प्रश्नास त्याच्यापाशीं दोन उत्तरें होतीं, एक बापाचें व दुसरें धन्याचें. 1861 सालीं भूदासपद्धति नष्ट झाली, आणि त्यानंतर असंख्य कुटुंबांचीं आडनांवें प्रथमच दप्तरीं लागलीं. कित्येकांस जुन्या धन्याचेंच आडनांव चिकटलें. परंतु पुष्कळांच्या वांट्यास बापाचें किंवा आजाचें नांव आलें, व तेंच पुढील पिढ्यांनीं चालविलें. आज एखादा रशियन गृहस्थ निकितीन म्हणवितो, तेव्हां त्याच्या वडिलांचें नांव निकिता असेलच असें नाहीं. कुळांत कधीं काळीं एक निकिता होऊन गेला, एवढाच त्याचा अर्थ.

त्वेरचा अफनासी परत घरीं पोंचला नाहीं. स्मोलेन्स्क येण्यापूर्वींच वाटेंत तो मरण पावला. त्याची वही मात्र 1475 सालीं मॉस्कोस पोंचली. 2002 सालीं चौलजवळ रेवदंड्यास त्याचें स्मारकही उभें राहिलें. त्याच्या पित्याचें कांहींच उरलें नाहीं. उरलें तें मुलानें आपल्या नांवापुढें लिहिलेलें त्याचें नांव.