घशातील सांधेवाला

नांदेडकरांस पूर्णा जंक्शन आणि लातूरकरांस लातूर रोड जंक्शन ठाऊक आहे. जेथे रुळांचे मार्ग मिळतात, तेथे एका गाडीस वाट देण्यासाठी दुसरीस थांबवावे लागते. पूर्वी हे सांधे बदलण्याचे काम सांधेवाला हाताने करीत असे. आपल्या घशातही असेच एक जंक्शन आहे. श्वासनलिका पुढे व अन्ननलिका तिच्या मागे असल्यामुळे नाकातून येणारी हवा आणि तोंडातील घास यांचे मार्ग तेथे एकमेकांस छेदतात. तरीही दिवसातून शेकडो वेळा गिळूनही आपणांस अपाय होत नाही, तो कोणामुळे, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

हा सांधेवाला घशात नसून मेंदूच्या तळाशी, लंबमज्जा नावाच्या लहानशा भागात आहे. श्वासोच्छ्वासाचे मूळ तेथे असल्याचे ल गाल्वा या फ्रेंच वैद्याने १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी दाखविले. गिळण्याची सूत्रेही त्याच भागातून हलतात. घास घशास लागताच मज्जातंतू तेथे वर्दी देतात. तत्काळ श्वास थांबतो, मृदू टाळू नाकाची वाट बंद करते, स्वरयंत्र वर सरकते, स्वरतंतू मिटतात आणि जिभेच्या मुळाशी असलेली झडप त्यांवर झुकते. सुमारे एका सेकंदात घास पुढे जातो व श्वास पुन्हा सुरू होतो. वाचकांनी कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा. त्या क्षणी श्वास घेऊ म्हटले तरी घेता येत नाही.

बहुधा आपण उच्छ्वास चालू असता गिळतो आणि गिळल्यावर उरलेला उच्छ्वास सोडतो. त्यामुळे घशात राहिलेला कण आत न ओढला जाता बाहेर लोटला जातो. घास तोंडात असता हसल्यास मध्येच श्वास आत घेतला जातो आणि ठसका लागतो. जेवताना बोलू नये, असे वडीलधारी माणसे सांगतात त्याचे मर्म हेच. लहान मुलांस भुईमुगाचा अख्खा दाणा देऊ नये, तेही यास्तवच.

उन्हाळ्यात आमच्या भागात पारा ४० अंशांपुढे जातो. शेतात कोणी बेशुद्ध पडल्यास लोक कळकळीने त्याच्या तोंडात पाणी ओततात. परंतु बेशुद्धीत हा पहारा शिथिल झालेला असतो. ते पाणी फुप्फुसात जाऊन प्राणावर बेतू शकते. अशा मनुष्यास सावलीत न्यावे, कुशीवर निजवावे, अंग ओले करून वारा घालावा व १०८ क्रमांकावर कळवावे. पाणी द्यावयाचे ते तो पूर्ण शुद्धीवर येऊन पेला स्वतःच्या हाती धरील तेव्हाच.