अटक, ताबा, जबाब : कचेरी बंद झाल्यानंतरच्या कायदेशीर सल्ल्याविषयी

कायद्याने दिलेला हक्क आणि तो ज्या शब्दांतून माणसाच्या कानी पडतो ते शब्द, यांमधील अंतर अटकेच्या प्रसंगी जितके जाणवते तितके क्वचितच अन्यत्र जाणवत असेल. रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या पाचाडासारख्या गावी त्यात रस्त्याच्या अंतराचीही भर पडते. तालुक्याचे ठिकाण महाड तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर. तालुका पोलीस ठाणे, न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय व तालुका विधी सेवा समिती ही सर्व तेथे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अलिबागेस, म्हणजे महाडहून आणखी सुमारे शंभर किलोमीटर दूर. शनिवारी दिवेलागणीस पाचाडातील एखाद्या इसमास पोलिसांनी नेले, तर घरच्यांच्या मनात प्रथम हेच येते की, सोमवारी कचेऱ्या उघडल्यावाचून आता काही व्हावयाचे नाही.

वस्तुतः कायद्याचे घड्याळ शनिवारी थांबत नाही. भारतीय संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटक झालेल्या व्यक्तीस अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळविण्याचे व तिच्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला नाकारला न जाण्याचे बंधन घातले आहे. शिवाय तिला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले पाहिजे. या चोवीस तासांतून वगळला जातो तो केवळ प्रवासाचा काळ. रविवार नव्हे आणि सणाची सुट्टीही नव्हे. म्हणूनच सुट्टीच्या दिवशीही हे काम करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांची नेमणूक झालेली असते. गुन्हा जामीनपात्र असेल तर दंडाधिकाऱ्यांचीही वाट पाहावी लागत नाही. ठाण्याचा अंमलदार रात्रीदेखील जामीन घेऊ शकतो.

परंतु हे घड्याळ सुरू होते केव्हा? येथे प्रश्न भाषेचा होतो. पोलिसांच्या व वृत्तपत्रांच्या मराठीत 'ताब्यात घेतले', 'चौकशीसाठी नेले' आणि 'अटक केली' असे तीन निरनिराळे वाक्प्रचार रूढ आहेत, आणि त्यांतील पहिले दोन अटकेच्या अलीकडचे आहेत असा सर्वसाधारण समज आहे. अटक म्हणजे कोठडीचे दार लागणे, हा लोकव्यवहारातील अर्थ. धातूचा अर्थ पाहू गेल्यास मात्र अटकणे म्हणजे अडणे, पुढे जाता न येणे, एवढेच. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० साली सीमाशुल्क खात्याच्या एका प्रकरणात जो निर्णय दिला तो या धात्वर्थाच्याच जवळचा आहे : माणसाची हालचाल ज्या क्षणी अधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली आली त्या क्षणी अटक झाली, मग अधिकाऱ्याने कागदावर वेळ कोणतीही घातलेली असो. 'अजून अटक दाखविलेली नाही' या ठाण्यातील नित्याच्या उत्तरात 'दाखविणे' हे क्रियापद किती काम करते, हे यावरून ध्यानात यावे.

कारणे 'कळविणे' म्हणजे काय, यावरही न्यायालयांना विचार करावा लागला आहे. १९६२ साली निकालात निघालेल्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्ध व्यक्तीस कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. तिला इंग्रजी येत नव्हते. तिने हिंदी अनुवाद मागितला, तो नाकारला गेला. कागद देतेवेळी तोंडी भाषांतर करून सांगितले होते, हा सरकारचा बचाव सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला नाही. तो खटला प्रतिबंधक स्थानबद्धतेचा होता. सामान्य अटकेच्या बाबतीत कारणे लेखी, आणि तीही अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेत, दिली पाहिजेत हे सर्व गुन्ह्यांपुरते स्पष्ट व्हावयास नोव्हेंबर २०२५ उजाडावे लागले. तेव्हाच्या निर्णयानुसार तत्काळ लेखी देणे अशक्य असल्यास तोंडी सांगावे, पण दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कारणे हाती पडली पाहिजेत. हे दोन तास वकिलासाठी आहेत. कारण ठाऊक नसता सल्ला द्यावयाचा तरी कशाचा?

आता 'जबाब'. मूळ अरबी शब्दाचा अर्थ उत्तर असा आहे, आणि मराठी कानाला तो तसाच ऐकू येतो. जबाब घ्यावयाचा आहे म्हटले की उत्तर दिलेच पाहिजे असे ऐकणाऱ्यास वाटते. शिष्टाचारही तेच सांगतो. तथापि संविधानाचा विसावा अनुच्छेद आरोपीस स्वतःविरुद्ध साक्षी होण्याची सक्ती करू देत नाही, आणि नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस ठाण्यातील चौकशीलाही लागू केले. 'अजामीनपात्र' या शब्दानेही असाच घोटाळा होतो. जामिनास अपात्र, असा त्याचा उघड अर्थ; कायद्यातील अर्थ मात्र जामीन हा हक्क नसून न्यायालयाच्या विवेकाधीन आहे, एवढाच. रात्री दोन वाजता हा भेद समजावून सांगणारे माणूस जवळ असणे हाच सल्ल्याचा निम्मा भाग होय.

ते माणूस म्हणजे वकील. या शब्दाला पाचाडात जुना इतिहास आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन महाराजांच्या भेटीसाठी याच गावी थांबला होता, आणि त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. तेव्हा वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने दरबारी बोलणारा. आजही कोठडीतील माणसाला गरज असते ती या दोघांची, वकिलाची व दुभाष्याची. बहुधा एकालाच दोन्ही कामे करावी लागतात.

आपल्या पसंतीचा वकील चौकशीच्या वेळी, जरी संपूर्ण वेळ नव्हे तरी, भेटू देण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या अडतिसाव्या कलमात आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याचे काय? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोठडीतील व्यक्ती, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य साहाय्यास पात्र ठरते. पण कसाबच्या अपिलाच्या निकालात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने सरकारी खर्चाने वकील देण्याचे बंधन सुरू होण्याचा क्षण दंडाधिकाऱ्यांपुढील पहिल्या हजेरीशी जोडला. म्हणजे अटकेची पहिली रात्र, जेव्हा जबाब लिहिला जातो, नेमकी मोकळी राहते. इंग्लंडात १९८४ च्या कायद्यानंतर पाळीने काम करणारे विनामूल्य वकील पोलीस ठाण्यासाठी रात्रंदिवस उपलब्ध असतात. येथे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१९ मध्ये अटकपूर्व व अटकेच्या टप्प्यावरील साहाय्याची योजना आखली असून, १५१०० हा त्याचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. त्याहून जुना आदेश तर महाराष्ट्रासाठीच निघालेला आहे. पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटक होताच पोलिसांनी नजीकच्या विधी साहाय्य समितीस कळवावे. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, आणि त्याला समजणाऱ्या भाषेत वाचूनही दाखवावेत. 'वाचून दाखवावेत' हे शब्द भिंतीवरील फलकाने पुरे होत नाहीत.

घरच्यांना त्या रात्री करता येण्याजोगे काम साधे आहे. अटक पंचनाम्यावर तारीख व वेळ घालावी लागते, आणि कुटुंबातील अथवा गावातील एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते. पाचाडातून नेले तो तास आणि पंचनाम्यातील तास यांत फरक दिसल्यास, तो सही करण्यापूर्वीच बोलून दाखवावा व वकिलास कळवावा.