ओढ्याकाठी उभं, तरी ओढ्याचं पाणी न पिणारं झाड

बागेला पाणी सोडलं की ते झाडानं प्यायलं, असं आपण धरूनच चालतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात टॉड डॉसन आणि जेम्स एहलरिंगर या शास्त्रज्ञांनी झाड जवळचं पाणी खरंच पितं का, हे तपासलं. 1991 साली त्यांनी जे मांडलं ते अनपेक्षित होतं. बारमाही ओढ्याला लागून उभी असलेली मोठी झाडं ओढ्याचं पाणी जवळजवळ पीतच नव्हती. त्यांची मुळं त्याहून खोल असलेल्या ओलीवर जगत होती. ओढ्यावर अवलंबून होती ती काठावरची लहान झाडं.

हे कळलं पाण्यातल्या जड अणूंवरून. निसर्गातल्या पाण्यात साधारण 6,400 हायड्रोजन अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा, म्हणजे ड्युटेरियमचा असतो. जमीन तापली की हलके रेणू आधी उडतात आणि वरच्या थरात जडांचं प्रमाण वाढतं. खोलवर ऊन पोचत नाही, तिथलं प्रमाण वेगळं राहतं. मुळं पाणी ओढताना हे प्रमाण सहसा बदलत नाही (खारफुटीसारखे अपवाद आहेत), त्यामुळे खोडात चढलेलं पाणी कोणत्या थरातलं ते ओळखता येतं.

नमुना मात्र जपून घ्यावा लागतो. पान चालत नाही, कारण पानातून वाफ होऊन उरलेलं पाणी जड झालेलं असतं. पेन्सिलीएवढी जून फांदी कापायची, साल सोलायची, तुकडे लगेच बाटलीत घट्ट बंद करून गोठवायचे. प्रयोगशाळेत ते निर्वातात तापवून पाणी काढतात आणि झाडाशेजारच्या वेगवेगळ्या खोलीवरच्या मातीतल्या पाण्याशी ताडून बघतात.

सिसिलीतल्या लेंतिनीला, मोसंबीच्या जातकुळीतल्या गोड संत्र्यांच्या बागेत, पादोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दुसरी वाट धरली. झाडाभोवती इलेक्ट्रोड रोवून जमिनीत वीज सोडली. ओली माती वीज सहज जाऊ देते, सुकलेली अडवते. त्यामुळे माती कुठे सुकत चालली ते दिसतं. खोडातल्या सुया त्याच वेळी रस किती वेगानं चढतो ते उष्णतेवरून मोजत होत्या. ठिबकवरच्या त्या झाडाची पाणी ओढणारी मुळं मुख्यतः वरच्या सुमारे 40 सेंटिमीटरमध्येच निघाली.

हा आकडा विदर्भातल्या संत्राबागांना तसाच लावता येणार नाही, पण झाड पाणी कुठून पितं हा प्रश्न तोच आहे. आपल्याकडे अजूनही अनेक बागांत बुंध्याशी आळं करून पाणी भरलं जातं. तिथे ओल साचून डिंक्या रोग येतो आणि पाणी पिणारी पांढरी मुळं तर बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराखाली असतात. बुंध्याजवळचं आतलं आळं कोरडं ठेवून बाहेरच्या आळ्यात पाणी देण्याची, म्हणजे दुहेरी आळ्याची, शिफारस त्यासाठीच आहे.

आंबिया बहाराची फुलं यावीत म्हणून पाणी तोडलं की हलक्या जमिनीतलं झाड लवकर ताणावर येतं. भारी काळ्या जमिनीत वर भेगा पडल्या तरी पानं हिरवीगार राहतात आणि बागायतदार वाट बघत बसतो. ते झाड किती खोलवरची ओल पितंय, हे एका फांदीतलं पाणी मातीतल्या पाण्याशी ताडून कळू शकतं. काटोल-वरुडच्या बागांमध्ये हे मोजमाप नेमानं व्हावं, असं मला मनापासून वाटतं.